छोट्या कुत्र्याची लस : दरवर्षी की तीन वर्षांनी?

नगरच्या सावेडी उपनगरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. कापड बाजारात दोन पिढ्यांचे दुकान, मार्केट यार्डात काकांची धान्याची आडत, घरात दादाजी, मुलगा, सून, शाळेत जाणारी नात आणि साडेचार किलो वजनाचा, पांढऱ्या केसांचा, चार वर्षांचा मोती. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी घरच्या बोलण्यात ‘नगर’च राहिले आहे, तसे मोतीलाही सारे पामेरियनच म्हणतात. खरे पाहता आपल्याकडे पामेरियन म्हणून घरोघर नांदणारा हा कुत्रा बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. नावाने काही बिघडत नाही. या घरातील वाद सुरू झाला तो मोतीच्या वजनावरून.

मागच्या चातुर्मासात दुकान वाढवून मुलगा रात्री साडेआठला मोतीला दवाखान्यात घेऊन गेला. घाईची वेळ होती. एकाच खेपेस तीन लसी झाल्या: अनेक रोगांची एकत्रित लस, रेबीजची लस आणि खोकल्याची लस. घरी येऊन तासही उलटला नव्हता तोच मोतीचे तोंड सुजले, पापण्या मिटल्या, पोटावर गांधी उठल्या. पुन्हा धावाधाव, बंद दवाखान्याचे दार, दुसऱ्या डॉक्टरांना फोन, एक इंजेक्शन, आणि घरात कोणाचाही डोळा न लागलेली रात्र. सकाळी मोती उठून शेपटी हलवू लागला. घरच्यांच्या मनातली भीती मात्र गेली नाही.

यंदा दवाखान्याचा स्मरणसंदेश आला तेव्हा तीन मते झाली.

“तो जातो कुठे? गच्ची, जिना आणि सोफा. या वर्षी राहू द्या,” मुलगा म्हणाला.

“अगदीच न देण्यापेक्षा अर्धी द्यायला सांगू या का? एवढासा जीव, आणि लस मात्र अल्सेशियनच्या मापाची,” सूनबाईंचे म्हणणे.

दादाजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून एवढेच बोलले, “रेबीजची द्यायचीच. बाकीचे तुम्ही ठरवा.”

तिघांच्याही बोलण्यात थोडेफार तथ्य आहे. तिघांच्या मध्ये एक समान चूकही आहे, आणि ती बहुतेक घरांत होते. ‘लस’ हा शब्द येथे एकवचनी धरला जातो. वर्षातून एकदा जायचे, काय ते टोचून घ्यायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा, अशी समजूत असते. व्यापारी घर आपल्या सर्व देण्यांची मुदत एकच धरत नाही. एका हुंडीची मुदत निराळी, बँकेच्या हप्त्याची निराळी, विम्याची निराळी. कुत्र्याच्या लसींचेही तसेच आहे. प्रत्येक रोगाविरुद्ध शरीर जी आठवण ठेवते तिची मुदत वेगळी असते. म्हणून ‘किती वर्षांनी’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणती लस’ असे विचारल्याशिवाय देता येत नाही.

दादाजींच्या आग्रहापासून प्रारंभ करणे योग्य, कारण तेथे तडजोडीला जागा नाही. त्यांच्या धाकट्या बंधूंना लहानपणी पाथर्डीच्या बाजारात कुत्रे चावले होते. त्या काळची रेबीजची लस म्हणजे बेंबीभोवती पोटात रोज एक अशी चौदा इंजेक्शने. मुलाला धरून बसवण्याचे काम दादाजींकडे होते. साठी ओलांडलेल्या प्रत्येक घरात ‘चौदा इंजेक्शने’ या दोन शब्दांची अशी एखादी गोष्ट असतेच. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास सिद्ध केलेली ती लस रेबीजचा विषाणू टोचलेल्या मेंढीच्या मेंदूपासून तयार होई. एका जिवाचे प्राण वाचवण्यास दुसऱ्या जिवाचे प्राण जात, आणि लस घेणाऱ्यालाही क्वचित तिच्यामुळे मज्जासंस्थेचा विकार जडे. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आजची रेबीजची लस, माणसांची असो वा कुत्र्यांची, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. त्या पेशींच्या पोषणासाठी प्राण्यांच्या रक्तातील द्रव वापरला जातो, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. परंतु प्रत्येक घाण्यामागे एक मेंढी, हा हिशेब आता उरलेला नाही.

रेबीज हा रोग किती जुना, हे पाहावयाचे तर सुश्रुतसंहितेपर्यंत जाता येते. तिच्या कल्पस्थानातील सातव्या अध्यायात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे वर्णन आहे, आणि पाण्याला भिणारा रोगी वाचत नाही, हेही नोंदलेले आहे. त्या अध्यायाचे नाव ‘मूषिककल्प’, म्हणजे मुख्यतः उंदरांच्या विषाचा अध्याय. कुत्रा आणि उंदीर यांना एका प्रकरणात बसवणारा तो प्राचीन वैद्य आडत्यांच्या गोदामात येऊन गेला असावा, असे वाटण्याजोगे हे साहचर्य आहे. उंदरांकडे पुढे यावयाचे आहेच.

कुत्र्यांवरून आपल्या व्यापारी समाजाने सरकारशी भांडणही केले आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत भटके कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, हिंदू व जैन व्यापारी त्यांच्या बाजूस उभे राहिले, बाजार बंद पडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने आणि व्यापारी वर्गाच्या साह्याने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. त्या वेळी माणसांपुढे दोनच वाटा होत्या: कुत्रे मारा, नाही तर पिसाळलेल्या कुत्र्याचे भय सोसा. तिसरी वाट लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये उघडली. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी ती पहिली लस दिली आणि तो वाचला. जीवदयेचा विचार करणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. कुत्र्यालाही जगू द्यावे आणि माणसालाही, हे व्यवहारात शक्य झाले ते त्यानंतर.

तरीही रोग गेलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीवरून आपल्या देशात आजही दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज निघाला आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. म्हणून रेबीजच्या लशीचे वेळापत्रक सर्वांत कडक. पिल्लू बारा आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा द्यावी. रोगाचा वावर असलेल्या प्रदेशात दोन ते चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात, आणि आपला देश त्या प्रदेशांतच मोडतो. वर्षाने पुन्हा एक. त्यानंतर लशीच्या माहितीपत्रकावर जी मुदत असेल ती. काही लसींवर तीन वर्षे लिहिलेली असतात, परंतु आपल्याकडे साधारण रीत दरवर्षीची आहे. पुण्यासारख्या महापालिका कुत्र्याच्या परवान्यासाठी चालू मुदतीचा दाखला मागतात. रस्त्यावर पिसाळलेला कुत्रा भेटण्याची शक्यता जेथे खरी आहे, तेथे वर्षाला एक सुई हा काही मोठा भार नव्हे. या लशीची तारीख पर्युषणात आली, लग्नसराईत आली, यात्रेच्या दिवसांत आली, तर चार दिवस आधी उरकून घ्यावी. पुढे ढकलू नये.

“तो बाहेर जातच नाही” हे मुलाचे म्हणणे येथे टिकत नाही. इमारतीच्या जिन्यात भटका कुत्रा चढतो, गच्चीवर मांजर येते, आवारात मुंगूस फिरते. शिवाय पाळीव कुत्र्याने घरातल्या कोणाला खेळताना दात लावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टर गाठावा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे चुकत नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते. पुस्तक कोरे असलेल्या घरात ते दहा दिवस कसे जातात, हे ज्यांनी भोगले तेच जाणतात.

आता दुसरा गट. डिस्टेंपर, पार्वो आणि संसर्गजन्य यकृतदाह या तीन विषाणुजन्य रोगांच्या लसी बहुधा एकाच बाटलीत येतात. वाद सर्वाधिक येथेच आहे, आणि सवलतही येथेच आहे.

प्रथम पिल्लाविषयी. पिल्लाला दोन, तीन, कधी चार वेळा तीच लस का देतात, याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. मात्रा एकावर एक साठत जातात, असा समज आहे. तसे नाही. पिल्लू जन्मताच आईचा चीक पिते. गाईच्या चिकाचा खरवस करून खाणाऱ्या आपल्या मुलखात चीक म्हणजे काय, हे सांगावयास नको. त्या चिकातून आईची संरक्षक द्रव्ये पिल्लाच्या रक्तात येतात. ती पिल्लाचे रक्षण करतात, आणि त्याच वेळी टोचलेल्या लशीलाही शत्रू समजून निष्प्रभ करतात. ही द्रव्ये कोणाची आठव्या आठवड्यात संपतात, कोणाची सोळाव्यात. एकाच विणीतल्या दोन पिल्लांतही फरक पडतो. कोणती मात्रा लागू पडेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी एक अशा मात्रा देत जातात. यावरून एक गोष्ट उघड होते. सर्वांत महत्त्वाची मात्रा शेवटची, म्हणजे सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरची. नेमकी तीच आपल्याकडे चुकते. दोन सुया झाल्या, पिल्लू गुटगुटीत दिसू लागले, शाळेची परीक्षा आली, आणि तिसरी राहिली. पार्वोने रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत गेलेल्या पिल्लांच्या घरी विचारावे. “लस दिली होती हो!” असेच उत्तर मिळते. दिली होती हे खरे. ती धरली नव्हती.

पार्वोचा विषाणू १९७८ मध्ये जगभर अकस्मात पसरला. तो मातीत व फरशीच्या फटीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. ब्लीच मात्र त्याला मारते. ज्या अंगणात असे पिल्लू गेले तेथे दुसरे पिल्लू लगेच आणू नये. मुलांच्या समाधानासाठी आठवड्याच्या आत दुसरे आणणारी घरे आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम नव्हे.

सोळा आठवड्यांनंतर आणखी एक मात्रा द्यावी लागते. ती पूर्वी वर्षाने देत. २०२४ मध्ये लहान पाळीव प्राण्यांच्या वैद्यकांच्या जागतिक संघटनेने जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात ती सहा महिन्यांच्या सुमारास, म्हणजे सव्वीस आठवड्यांनी द्यावी असे सुचविले आहे. मागची एकही मात्रा न धरलेले पिल्लू उरले असेल तर ते अर्धे वर्ष उघड्यावर राहू नये, हा त्यामागील हेतू. आणि त्यानंतर? त्यानंतर या तीन रोगांची लस तीन वर्षांपेक्षा लवकर देऊ नये, असे तेच मार्गदर्शन सांगते.

मग दरवर्षीची चाल पडली कशी? उत्पादकांनी लशीची चाचणी घेतली ती बहुधा वर्षभराची. वर्षानंतर कुत्रा सुरक्षित आहे एवढे सिद्ध झाले आणि वेष्टनावर ‘वर्षाने पुन्हा’ असे छापले गेले. वर्षानंतर संरक्षण संपते, असे कोणी दाखविलेले नव्हते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रोनाल्ड शुल्झ यांनी लस दिलेले कुत्रे वर्षानुवर्षे तपासले, तेव्हा या तीन रोगांविरुद्धचे संरक्षण सात वर्षांपर्यंत टिकलेले आढळले. २००३ मध्ये तेथील प्राणी रुग्णालयांच्या संघटनेने तीन वर्षांचे अंतर मान्य केले. आपल्याकडे शिक्का मात्र अजून पुष्कळदा वर्षाचाच पडतो. त्यात सगळा दोष दवाखान्यांचा नाही. वर्षातून एकदा तरी कुत्रा तपासणीस यावा, त्याचे दात, हृदय, वजन पाहिले जावे, यासाठी लशीखेरीज दुसरे निमित्त आपण ठेवलेलेच नाही. तपासणी दरवर्षी करावी. तिच्यासाठी प्रत्येक वेळी सर्व सुयांची गरज नाही.

परंतु ‘तीन वर्षांनी’ याचा अर्थ ‘केव्हाही’ असा घेणे धोक्याचे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर अनिरुद्ध बेलसरे, आबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी गावकुत्रे व खोकड यांचे रक्त तपासले. त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या वयाच्या बहुतेक गावकुत्र्यांना पार्वो आणि डिस्टेंपर कधी ना कधी होऊन गेल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. ते माळढोक अभयारण्य नगर जिल्ह्याच्या कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत पसरलेले आहे, मुलूख एकच. म्हणजे जे कुत्रे आपल्याला धडधाकट दिसतात ते वाचलेले आहेत. न वाचलेली पिल्ले कोणी मोजली नाहीत. डिस्टेंपरची पोच कुठवर जाते, हे २०१८ मध्ये गीरच्या जंगलात दिसले. तेथे काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला. घरातल्या मोतीने हे रोग कधी पाहिलेले नाहीत. त्याच्याजवळ लशीने दिलेली आठवण आहे, तेवढीच.

उरला उंदीर. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग, उंदराच्या मूत्रातून पसरणारा, कुत्र्याची मूत्रपिंडे व यकृत निकामी करणारा, आणि कुत्र्यापासून माणसाला होऊ शकणारा. तो कोकणातील पाण्याचा रोग, पर्जन्यछायेतल्या नगरला त्याचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण उंदीर पावसाच्या सरासरीवर जगत नाही, धान्यावर जगतो. या लशीचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते. पहिल्या खेपेस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, मग दरवर्षी एक, आणि मध्ये फार खंड पडला तर पुन्हा दोन मात्रांपासून आरंभ. डिस्टेंपर-पार्वोच्या लशीला असा नवा आरंभ लागत नाही. मोठ्या कुत्र्याची तारीख उलटून गेली तरी एक मात्रा पुरते. चौथ्या मजल्यावरून केवळ फरसबंद आवारात उतरणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस द्यावी की नाही, याचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. गोदामात वावरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत विचार करण्यासारखे काही नाही.

सावेडीच्या त्या घरात हे उघड झाले ते नातीच्या तोंडून. बाबा “तो जातो कुठे?” असे दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा ती सहज बोलून गेली, “पण रविवारी काकांबरोबर तो गोदामात जातो ना! मागच्या वेळी त्याने पोत्यांमागून उंदीर धरून आणला होता.” काकांनी ही मर्दुमकी घरी सांगितलेली नव्हती.

सूनबाईंचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याला उत्तर मिळावयास हवे. साडेचार किलोच्या कुत्र्याला आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला सारखीच लस का? ताप उतरवण्याचे औषध वजनावर मोजतात, कारण ते सगळ्या शरीरात पसरून काम करते. लशीचे काम निराळे आहे. ती शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रूचा चेहरा दाखवते. चेहरा ओळखू येण्यास जेवढी मात्रा लागते तेवढी लागतेच, कुत्रा लहान असो वा मोठा. अर्धी लस दिल्याने त्रास अर्धा होतो असा पुरावा नाही, आणि संरक्षण होईलच याची खात्री मात्र जाते. रेबीजच्या बाबतीत तर अर्धी लस म्हणजे खोटा दाखला.

लहान कुत्र्यांना त्रास अधिक होतो, ही सूनबाईंची शंका मात्र अभ्यासाने खरी ठरली आहे. अमेरिकेतील दवाखान्यांच्या एका मोठ्या साखळीत लस दिलेल्या बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी जॉर्ज मूर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केल्या. लशीनंतर तीन दिवसांत काही त्रास झाल्याचे प्रमाण दर दहा हजार कुत्र्यांमागे सुमारे ३८. म्हणजे थोडेच. परंतु वजन जसे कमी तसे प्रमाण वाढत गेलेले दिसले. त्याहून महत्त्वाचे असे की, एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक वाढीव लशीमागे दहा किलोंपर्यंतच्या कुत्र्यांत धोका २७ टक्क्यांनी वाढत होता, मोठ्या कुत्र्यांत १२ टक्क्यांनी. सूनबाईंच्या शंकेचे उत्तर या आकड्यांत आहे. मात्रा पुरी द्यावी, भेटी वाटून घ्याव्यात. तीन लसी तीन खेपांत, मध्ये दोन-चार आठवड्यांचे अंतर. दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात, हे खरे. दुकान वाढवून एका रात्रीत सगळे उरकण्याची सोय राहत नाही, हेही खरे.

वेळेविषयी एक साधी गोष्ट. लस सकाळी द्यावी आणि अर्धा तास दवाखान्यातच बसून राहावे. सूज, गांधी, उलटी, श्वास लागणे ही लक्षणे बहुधा पहिल्या काही मिनिटांत किंवा तासांत दिसतात, आणि तेव्हा डॉक्टर जागेवर असलेले बरे. एप्रिल-मेच्या उन्हात औषधाच्या दुकानातून लस विकत घेऊन ती मोटारीच्या डिकीत टाकून नेणे, हाही आपल्याकडचा प्रकार. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहावयास हवी. तापलेली लस बाटलीत पूर्वीसारखीच दिसते, म्हणून फसवणूक कळत नाही. दवाखान्याच्या फ्रिजमधून निघालेली लस घ्यावी, आणि बाटलीवरील बॅच क्रमांक व मुदतीची चिठ्ठी कुत्र्याच्या पुस्तकात चिकटवून मागावी. दुकानात माल उतरवून घेताना बॅच पाहणाऱ्यांना हे शिकवावे लागू नये.

तर मोतीचे काय ठरले? दादाजी, सूनबाई आणि नात असे तिघे सकाळी दहाला दवाखान्यात गेले. मुलगा दुकान उघडून मागाहून आला. मागच्या वर्षीच्या सुजेची हकीकत सूनबाईंनी वेळेसह सांगितली. त्या दिवशी कोणत्या तीन लसी दिल्या, हे पुस्तकावरून डॉक्टरांनी लिहून घेतले. तिघांपैकी कोणत्या लशीने सूज आली हे आता सांगता येणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले, आणि म्हणूनच या खेपेस एकच लस. त्या दिवशी रेबीज. तीन आठवड्यांनी लेप्टो, तीही एकटीच, कारण रविवारचे गोदाम बंद करण्यास काका तयार होणार नाहीत. डिस्टेंपर, पार्वो आणि यकृतदाहाची लस मागच्याच वर्षी झाली असल्याने यंदा नाही, पुढल्या वर्षीही नाही. त्या वेळी घरच्यांना पुन्हा भीती वाटली तर आधी रक्त तपासून या तीन रोगांविरुद्धची संरक्षक द्रव्ये शिल्लक आहेत का हे पाहता येते, आणि ती असतील तर सुई टाळता येते. खोकल्याची लस मोती इतर कुत्र्यांबरोबर वसतिगृहात राहावयाचा असेल तेव्हा. यंदा घरातील यात्रेचा बेत नाही, म्हणून तीही नाही.

लस टोचली गेली तेव्हा मोती एकदाच कुंईकुंई करून गप्प झाला. अर्धा तास तो सूनबाईंच्या मांडीवर बसून होता आणि नात दर दोन मिनिटांनी त्याचे तोंड निरखत होती. सूज आली नाही. मुलगा मधूनमधून घड्याळाकडे पाहत होता, परंतु उठला नाही.

घरी आल्यावर दादाजींनी दिवाळीत पूजलेली वही काढली. तिच्या शेवटच्या पानांवर घरातील विम्याच्या, मोटारीच्या, मुदतठेवींच्या तारखा ते लिहून ठेवतात. तेथे त्यांनी मोतीच्या नावापुढे तीन ओळी लिहिल्या: रेबीज, पुढील वर्षी हाच महिना, लेप्टो, तीन आठवड्यांनी, बाकीच्या तीन रोगांची, दोन वर्षांनी. नात शेजारी उभी राहून वाचत होती.

“दादाजी, गोदामाच्या पायरीवर जी काळी कुत्री असते, जिला काका रोज पोळी घालतात, तिला कोण लस देतं?”

दादाजींनी काकांना फोन लावला. काकांना ठाऊक नव्हते. ती किती वर्षांपासून तेथे आहे, एवढेच त्यांना सांगता आले; मागच्या वर्षी तिला पाच पिल्ले झाली होती, त्यांतील एक उरले. डॉक्टर मार्केट यार्डात येतील का, किती पैसे पडतील, तिला धरणार कोण, यावर थोडे बोलणे झाले. हमालांपैकी एकाचे ती ऐकते, असे काकांच्या लक्षात आले.

फोन ठेवून दादाजींनी मोतीच्या खाली आणखी एक ओळ आखली. नावाच्या रकान्यात काय लिहावे हे सुचेना, म्हणून ‘गोदामाची काळी’ असे लिहिले, आणि पुढे लेप्टोची जी तारीख मोतीची होती तीच टाकली.